अपडेट चालवण्याआधी: डेटाबेसमधल्या या चुका टाळा

"अपडेट चुकलं, आता रोलबॅक करू का?" नवशिके हा प्रश्न इतक्या वेळा विचारतात की पुढचं बोलणं मला पाठ झालंय. मी विचारतो, "आधी बिगिन लिहिलं होतंस का?" उत्तर येत नाही. अपडेट म्हणजे टेबलातली माहिती बदलणारा हुकूम. त्याआधी बिगिन लिहिलं तर बदल तात्पुरते राहतात; कमिट केलं की पक्के होतात, रोलबॅक केलं की मागे फिरतात. डेटाबेस चालवणारं सॉफ्टवेअर मायएसक्यूएल असो वा पोस्टग्रेस, वेगळं काही सांगितलं नाही तर प्रत्येक क्वेरी (डेटाबेसला दिलेला हुकूम) चालली की लगेच कमिट होते. मग रोलबॅकला परत फिरवायला काही उरतच नाही.

अर्धीच क्वेरी चालवणं

कोणते रेकॉर्ड बदलायचे ते सांगणारा व्हेअर विसरू नका, हे सगळेच सांगतात. माझा घोळ झाला तेव्हा व्हेअर लिहिलेला होता, तोही बरोबर. क्वेरी तीन ओळींची होती. पहिल्या ओळीत ऑर्डर्सचं अपडेट, दुसरीत सेट स्थिती = 'रद्द', तिसरीत व्हेअर आणि चार ऑर्डरचे आयडी. बऱ्याच टूल्समध्ये मजकूर सिलेक्ट केला की तेवढाच भाग चालतो. माझा माउस दुसऱ्या ओळीच्या शेवटी थांबला आणि मी रन दाबलं. त्या दोन ओळी मिळूनही एक वैध क्वेरी होते, त्यामुळे एरर आली नाही. एरवी क्षणात होणारं काम संपेना, तेव्हाच पोटात गोळा आला. व्हेअर चाललाच नव्हता, म्हणून टेबलातली प्रत्येक ऑर्डर रद्द झाली होती.

आदल्या रात्रीचा बॅकअप होता, पण तो लाइव्हवर चढवला असता तर सकाळपासून आलेल्या ऑर्डर पुसल्या गेल्या असत्या. म्हणून तो वेगळ्या डेटाबेसमध्ये उभा केला आणि आयडी जुळवून फक्त स्थितीचा कॉलम परत आणला. सकाळनंतरच्या ऑर्डर तर बॅकअपमध्ये नव्हत्याच. त्या ॲप्लिकेशनच्या लॉगमध्ये शोधून एकेक करून हाताने दुरुस्त केल्या. घाईत वाचवलेल्या दहा सेकंदांपायी अख्खा दिवस गेला.

तेव्हापासून मी व्हेअर आधी सिलेक्टमध्ये, म्हणजे रेकॉर्ड नुसते दाखवणाऱ्या क्वेरीत, लिहितो, रेकॉर्ड डोळ्यांनी बघतो आणि किती आहेत ते कागदावर लिहितो. मग बिगिन, मग तोच व्हेअर कॉपी करून अपडेट. किती रेकॉर्ड बदलले तो आकडा कागदाशी जुळवतो, पुन्हा सिलेक्ट करून नवी मूल्यं बघतो आणि पहिल्या खेपेला सगळं बरोबर असलं तरी रोलबॅकच करतो. दुसऱ्या खेपेला कमिट. लोकांना हे अति वाटतं. वाटू दे. रोलबॅक खरंच चालतो की नाही, हे मला गरज पडायच्या आधी कळलेलं हवं असतं. मायएसक्यूएलमधलं एखादं जुनं टेबल मायआयसॅम इंजिनवर (डेटा साठवण्याच्या एका जुन्या पद्धतीवर) असेल तर तिथे रोलबॅकचा उपयोगच होत नाही. मात्र बिगिन करून जागेवरून उठू नका. तुम्ही बदललेल्या रेकॉर्डवर लॉक असतो आणि ते बदलू पाहणारे बाकीचे अडकून पडतात.

सेटमध्ये स्वल्पविरामाऐवजी अँड

ही चूक मला सगळ्यात घातक वाटते, कारण यात व्हेअर बरोबर असतो आणि रेकॉर्डची संख्याही. दोन कॉलम बदलायचे म्हणून कुणी लिहितं: सेट किंमत = 500 अँड साठा = 20. मायएसक्यूएल याचा अर्थ असा घेतं: "500 आणि साठा 20 आहे का?" याचं खरं-खोटं जे उत्तर येईल ते किंमतीत भरायचं. साठा 20 असेल तर किंमत 1 होते, नसेल तर 0, आणि साठ्याला हात लागत नाही. एरर नाही, काही नाही. पोस्टग्रेस अशी क्वेरी नाकारतं. म्हणूनच मी नुसत्या आकड्यावर भागवत नाही, बदललेले रेकॉर्ड उघडून बघतो.

थोडक्यात सांगण्यासारख्या

व्हेअरमध्ये अटी जोडताना अँड आधी जुळतं, ऑर नंतर, म्हणून दोन्ही एकत्र आले की कंस घालाच. नल, म्हणजे काहीच न भरलेली जागा, शोधायला "= नल" लिहू नका, "इज नल" लिहा.

व्हेअर आयडी इन लिहून आतल्या सिलेक्टमध्ये दुसऱ्या टेबलातून आयडी मागवता, आणि त्या टेबलात आयडी नावाचा कॉलमच नसतो. अशा वेळी बाहेरच्या टेबलाचा आयडी धरला जातो आणि जवळपास सगळेच रेकॉर्ड जुळतात. आतल्या कॉलमला टेबलाचं नाव लावा.

बदलणार असलेल्या रेकॉर्डची प्रत मी वेगळ्या टेबलात ठेवतो, पण बिगिनच्या आधी. मायएसक्यूएलमध्ये मध्येच टेबल बनवलं किंवा ऑल्टर केलं की तोवरचं सगळं गुपचूप कमिट होतं.

मायएसक्यूएल वर्कबेंच 1175 क्रमांकाची एरर देऊन अडवतं, तेव्हा सेफ अपडेट्स (असं अपडेट अडवणारी सोय) बंद करण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. तो ऐकू नका. व्हेअरमध्ये 'की' असलेला कॉलम, म्हणजे आयडीसारखा, वापरा.

कमिट होऊन गेलं असेल तर

आधी घड्याळात बघून वेळ लिहून ठेवा आणि त्या टेबलात लिहिणारं ॲप्लिकेशन थांबवा. घाबरून उलटं अपडेट चालवू नका, त्याने उरलीसुरली खूणही जाते. ओरॅकल या डेटाबेसमध्ये फ्लॅशबॅक क्वेरीने थोड्या वेळापूर्वीची स्थिती बघता येते, अनडू डेटा (बदलाआधीच्या जुन्या नोंदी) शिल्लक असेपर्यंत. मायएसक्यूएलमध्ये बॅकअप आणि बिनलॉग, पोस्टग्रेसमध्ये बेस बॅकअप (अख्ख्या डेटाबेसची प्रत) आणि साठवलेल्या वॉल फाइल्स (बिनलॉग काय, वॉल काय, दोन्ही बदलांची नोंदवही) असतील तर वेगळ्या सर्व्हरवर चुकीच्या आदल्या क्षणापर्यंत डेटाबेस उभा करता येतो. तो क्षण सापडायला तुम्ही लिहून ठेवलेली वेळच लागते.