जुन्या टेबल लॅम्पसाठी योग्य शेड कशी शोधावी

जुन्या घरातून वारशाने आलेल्या किंवा जुन्या बाजारातून आणलेल्या टेबल लॅम्पची पितळी, लाकडी किंवा चिनीमातीची बैठक बहुधा धडधाकट असते. गेलेली असते ती शेड. कापड विरते, तारेचा सांगाडा गंजतो, काच एखाद्या घरबदलीत फुटते आणि मग चांगला दिवा उघड्या बल्बनिशी माळ्यावर जाऊन बसतो. आमच्या आजोबांचा पितळी दिवा असाच अनेक वर्षे पडून होता. त्याच्यासाठी शेड शोधताना मी दोनदा चुकलो आणि दोन्ही वेळा चूक एकच होती, ती म्हणजे रंगापासून सुरुवात करणे. खरे तर आधी जोड पाहावा, मग माप घ्यावे, मग आकार ठरवावा आणि कापडाचा विचार सर्वांत शेवटी करावा. एक पथ्य मात्र पहिल्यापासून पाळावे: शेड बसत नाही म्हणून जुन्या दिव्याला कानस लावू नये, त्याची मान कापू नये आणि त्यात नवे भोक पाडू नये. जो काही फेरफार करायचा तो शेडमध्ये किंवा मधल्या जोडात करावा.

शेडच्या खटपटीला लागण्याआधी वायरमनकडून दिवा तपासून घ्यावा. कापडी वेष्टणाची जुनी वायर आतून ठिसूळ झालेली असते आणि ती वाकवली की वेष्टणाचे तुकडे पडतात. बैठक धातूची असेल तर नवी वायर अर्थिंगसह तीन पिनांचीच घालावी. होल्डर बदलण्याची वेळ आली तर तो याच टप्प्यावर बदलावा, कारण शेडचा जोड होल्डरवर अवलंबून असतो.

जोड ओळखणे

आपल्याकडील बहुतेक जुन्या दिव्यांना पिनचा होल्डर असतो. त्याच्या बाहेरच्या अंगाला आटे असतात आणि त्या आट्यांवर एक रिंग फिरते. शेडच्या सांगाड्यातील मधले कडे होल्डरवर घालायचे आणि वरून ही रिंग आवळायची, इतका साधा हा जोड आहे. पिनच्या होल्डरसाठी शेडच्या कड्याचे भोक सुमारे 29 मिलिमीटरचे लागते, तर आट्यांच्या बल्बसाठी असलेल्या होल्डरला ते 40 मिलिमीटरच्या आसपास लागते. हा फरक न मोजता चटकन लक्षात येत नाही. रंग पाहून शेड घेतली तेव्हा पहिल्या वेळी मी इथेच फसलो. मोठ्या भोकाची शेड मी पिनच्या होल्डरवर बसवली, ती एका बाजूला कलंडली आणि बल्बला टेकलेल्या जागी कापडावर रुपयाएवढा तपकिरी डाग पडला. मोठ्या भोकाची शेड आधीच घेतलेली असेल तर भोक लहान करणारी प्लॅस्टिकची किंवा धातूची चकती मिळते. पुण्यातील तपकीर गल्ली किंवा मुंबईतील लोहार चाळ अशा विजेच्या सामानाच्या बाजारात जुना होल्डर हातात घेऊनच जावे, म्हणजे रिंग आणि चकती तिथल्या तिथे लावून पाहता येते.

अमेरिकेतून आलेल्या दिव्यांची पद्धत निराळी असते. त्यांच्यात होल्डरच्या खालून निघालेली तारेची कमान बल्बच्या दोन्ही बाजूंनी वर जाते आणि तिच्या माथ्यावर शेड ठेवून वरून एक शोभिवंत बोंड आवळले जाते. या पद्धतीचा मोठा फायदा असा की, शेड वर-खाली करायची असेल तर नुसती कमान बदलून भागते. परदेशात राहणाऱ्या मराठी मंडळींना तेथील हार्डवेअरच्या दुकानात अर्ध्या-अर्ध्या इंचाच्या फरकाने अशा कमानी मिळतात. तिसरा प्रकार म्हणजे बल्बलाच चिमट्याने पकडणारी छोटी शेड. हा चिमटा जुन्या गोल काचेच्या बल्बसाठी घडवलेला असल्यामुळे अनेक एलईडी बल्बांवर तो घसरतो, म्हणून अशी शेड बल्ब सोबत नेऊन, प्रत्यक्ष बसवून पाहिल्याशिवाय घेऊ नये.

माप घेणे

टेबलापासून होल्डरच्या तळापर्यंतची उंची मोजावी. तिलाच बैठकीची उंची समजावे. शेडच्या तळाचा व्यास साधारण या उंचीएवढा असावा आणि शेडची उंची तिच्या दोन-तृतीयांशापासून तीन-चतुर्थांशापर्यंत असावी. आमच्या दिव्याची बैठक 32 सेंटिमीटर भरली. म्हणजे तळाचा व्यास 30 ते 32 आणि शेडची उंची 21 ते 24 सेंटिमीटर. हा नियम म्हणजे अंदाजाचा आरंभ आहे, शेवटचा निकाल नव्हे. नाजूक मानेच्या दिव्याला याहून थोडी लहान शेड पेलवते, तर घटासारखे पोट असलेल्या चिनीमातीच्या दिव्याला थोडी रुंद शेड लागते. काही झाले तरी शेडचा तळ बैठकीच्या सर्वांत फुगीर भागापेक्षा रुंद असलाच पाहिजे.

शेडची मापे तीन असतात: वरचा व्यास, खालचा व्यास आणि उंची. दुकानदारास तिन्ही मापे सांगावीत आणि उंची सरळ मोजली की तिरप्या कडेवरून मोजली, हेही विचारून घ्यावे. दिव्याजवळ बसणाऱ्याच्या डोळ्यांच्या पातळीला शेडची खालची कड यावी, म्हणजे बल्ब डोळ्यात खुपत नाही. खुर्चीवर बसलेल्या माणसासाठी ही पातळी जमिनीपासून साधारण 100 ते 105 सेंटिमीटर येते. आमचे टेबल 75 सेंटिमीटर उंच आहे, म्हणून शेडची कड टेबलापासून 30 सेंटिमीटरवर आणली आणि होल्डर तिच्याआड नेमका झाकला गेला.

पैसे खर्च करण्याआधी जाड कागदाची नमुना-शेड करून पाहावी, असे मी आग्रहाने सांगेन. सरळ उभ्या, डब्यासारख्या शेडसाठी व्यासाला 3.14 ने गुणावे आणि चिकटवण्यासाठी 2 सेंटिमीटर वाढवावे. 30 सेंटिमीटर व्यासाला सुमारे 96 सेंटिमीटर लांबीची पट्टी लागते. ही नळी दिव्याभोवती, बल्ब न लावता, दोऱ्याने टांगून दिवा त्याच्या नेहमीच्या जागी ठेवावा, खोलीच्या दारातून पाहावे, शेजारच्या खुर्चीवर बसून पाहावे आणि एक-एक सेंटिमीटर कापत जावे. आमची पट्टी 24 सेंटिमीटर रुंदीची होती. 22 वर आल्यावर दिव्याची मान मोकळी दिसू लागली. दुकानातील उजेडात आणि गर्दीत हा फरक कधीच लक्षात आला नसता.

आकार आणि काचेच्या शेडी

गोल बैठकीला गोल शेड आणि चौकोनी बैठकीला चौकोनी किंवा गोल, दोन्ही चालतात. कातीव खांबासारख्या जुन्या पितळी दिव्यावर वर निमुळती होत जाणारी शेड सर्वांत साजते. डब्यासारखी सरळ शेड साध्या, सपाट रेषांच्या दिव्यांवर खुलते.

काचेच्या शेडीला मात्र अंदाज चालत नाही. तिच्या गळ्याच्या कडेचा बाहेरील व्यास मोजावा. लहान शेडींमध्ये सव्वादोन इंच, म्हणजे सुमारे 57 मिलिमीटर, हे माप सर्रास आढळते. तीन स्क्रूंनी धरलेली काच घट्ट आवळू नये. काच तापून फुगते आणि जागा नसेल तर तडकते. म्हणून स्क्रू काचेला टेकले की पाव फेरा उलटा फिरवावा. रॉकेलच्या दिव्याचे विजेच्या दिव्यात रूपांतर केलेले असेल तर काच तिकाटण्यावरील कड्यावर नुसती ठेवलेली असते आणि तिच्या तळाचा व्यास पुष्कळदा 10 इंच असतो.

वकिलांच्या टेबलावर दिसणाऱ्या हिरव्या काचेच्या पितळी दिव्यांविषयी स्वतंत्र सांगितले पाहिजे. न्यूयॉर्कच्या हॅरिसन मॅकफॅडिन यांनी 1909 मध्ये अशा दिव्याचे पेटंट घेतले आणि ‘एमरलाइट’ या नावाने तो विकला. त्याच्या शेडीत काचेचे दोन थर एकजीव केलेले असतात: बाहेर हिरवा, आत दुधी पांढरा. आतला थर उजेड कागदावर पाडतो आणि बाहेरचा डोळ्यांना निववतो. बदली शेड घेताना तिची कड उजेडात धरून पाहावी. दोन थर वेगळे दिसले तर काच खरी, आणि हिरवा रंग नखाने खरवडता आला तर तो नुसता लेप आहे, असे समजावे.

कापड, कागद आणि उजेड

कापडाची निवड ते पेटलेल्या बल्बपुढे धरूनच करावी. दिवसा मोत्यासारखे दिसणारे कापड रात्री पिवळट पडू शकते, आणि विणीतील गाठी उजेडात डागांसारख्या दिसतात. पांढरे अस्तर उजेड वाढवते, सोनेरी अस्तर तो उबदार करते. खणाचे कापड फार दाट असल्याने उजेड फक्त वर आणि खाली पडतो. वाचनासाठी शेड हवी असेल तर खण काठापुरताच वापरावा. आजीच्या जुन्या पैठणीची शेड करण्याचा मोह अनेकांना होतो, परंतु जुने रेशीम उजेडाने आणि उष्णतेने लवकर विरते व घड्यांवर फाटते. ती पैठणी कपाटातच राहू द्यावी. आंध्र प्रदेशातील निम्मलकुंटा येथील बाहुलीकारांच्या चित्रित चामड्याच्या शेडी लाकडी दिव्यांवर देखण्या दिसतात, पण दमट हवेत चामडे वाकते. हातकागदालाही कोकणातल्या पावसाळ्यात बुरशीची भीती असते. तेथे सुती कापड आणि रंगाचा पक्का लेप दिलेला सांगाडा घ्यावा, कारण उघड्या लोखंडाचा गंज कापडावर उतरतो.

मूळ शेडचा सांगाडा शाबूत असेल तर तो कधीही टाकू नये. त्याच्या इतका नेमका बसणारा दुसरा मिळणे कठीण असते आणि त्यावर नवे कापड चढवून घेता येते. जुनाच सांगाडा किंवा काच हवी असेल तर पुण्याचा जुना बाजार किंवा मुंबईतील मटण स्ट्रीटचा चोर बाजार येथे माप, होल्डर आणि मोजपट्टी घेऊन सकाळी लवकर जावे.

बल्बही शेडबरोबरच ठरवावा. 60 वॉटच्या जुन्या बल्बाइतका, म्हणजे सुमारे 800 ल्युमेन उजेड 9 वॉटचा एलईडी बल्ब देतो आणि तापतो फार कमी. वेष्टणावर 2700 केल्विन, म्हणजे उबदार पिवळसर उजेड, लिहिलेला बल्ब घ्यावा. 6500 केल्विनच्या पांढऱ्या उजेडात पितळ निस्तेज आणि कापड निळसर दिसते. एलईडी कमी तापत असला तरी कापड आणि बल्ब यांच्यात सर्व बाजूंनी किमान 5 सेंटिमीटर अंतर ठेवावे.

शेड बसवल्यावर तिची शिवण भिंतीकडे वळवावी, दिवा तासभर लावून ठेवावा आणि मग कापडाला हात लावून पाहावा. हात सहज ठेवता आला पाहिजे. शेवटी शेडची तिन्ही मापे, कड्याच्या भोकाचे माप आणि बल्बचा प्रकार एका चिठ्ठीवर लिहून ती बैठकीच्या तळाला चिकटवावी, म्हणजे पुढची शेड शोधणाऱ्याला दिवा उलटा केला की सारे हाती लागेल.