काचेवरची सही सगळ्यात शेवटी वाचा

2019 च्या पुरानंतर सांगलीच्या गावभागातले बरेच वाडे आवरले गेले. माळ्यावरच्या दिव्याच्या टांगत्या काचेच्या हंड्या, अत्तरदाण्या, लोलकांच्या पेट्या खाली आल्या आणि थोड्या दिवसांत बाजारात दिसू लागल्या. तेव्हापासून कुठलाही विक्रेता काचेची वस्तू हातात देताना आधी सांगतो, "वाड्यातली आहे, पुरात सापडली." आणि लगेच तळाशी बोट ठेवून बनवणाऱ्याचं नाव दाखवतो. आपण नाव वाचतो आणि फसतो, कारण जुन्या काचेवर मागाहून चढवायला सगळ्यात सोपी गोष्ट कुठली असेल तर ती नाव. म्हणून क्रम उलटा धरा.

आधी वस्तू धुवा. प्लास्टिकच्या टबात जुना टॉवेल अंथरा, कोमट पाणी घ्या, भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाका आणि मऊ ब्रश फिरवा. सोनेरी वेलबुट्टी किंवा रंगकाम असेल तर ओला कापूस आधी एका कोपऱ्यात लावून बघा. रंग कापसावर आला तर तिथेच थांबा. कोरीव नक्षीत बसलेला गाळ बघून "किती जुनी आहे!" असं वाटतं, पण कृष्णामाईचा गाळ तिथे एका रात्रीत बसतो. गाळावरून पूर कळतो, वय नाही.

मग वस्तू टॉवेलवर उलटी ठेवा आणि तळाकडे बघा. इथे घाई करू नका. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि मोबाईलचा टॉर्च बाजूने, तिरपा धरा. वर्षानुवर्षं टेबलावर सरकलेल्या फुलदाणीच्या बुडाला बारीक चरे पडतात, घरातल्या जुन्या चांदीच्या ताटाखाली असतात तसे: काही खोल, काही पुसट, कुठल्याही दिशेला गेलेले, आणि फक्त जिथे बूड टेकतं तिथेच. पॉलिश पेपर मारून 'जुनी' केलेल्या वस्तूचे चरे एकाच दिशेने जातात आणि न टेकणाऱ्या खोलगट भागातही सापडतात. हंडीला मात्र ही परीक्षा लागू नाही. ती आयुष्यभर टांगलेली, तिचं बूड कशाला झिजेल? तिच्या काठावर जिथे पितळी कडं बसतं तिथली झीज बघा.

तळाच्या मधोमध खरखरीत व्रण किंवा घासून गुळगुळीत केलेली गोल खळी असेल, तर काच गरम असताना ती लोखंडी दांड्यावर धरून काम झालेलं आहे. ही हातकामाची खूण, जुनेपणाची नव्हे. हातकाम आजही चालतं. उलट, साच्याची शिवण दिसली म्हणून वस्तू नवी ठरत नाही. साच्यात दाबून काच घडवणं 1820 च्या दशकापासून चालू आहे.

नोटा तपासायचा जांभळा टॉर्च असेल तर अंधारात मारून बघा. शिशाची काच बहुधा निळसर दिसते, युरेनियम घातलेली झगझगीत हिरवी. पण युरेनियमची काच अजूनही बनते, तेव्हा हिरवा उजेड बघून पाकीट काढू नका.

आता सही. बॅकरा या फ्रेंच कारखान्याने प्रत्येक नगावर कोरीव शिक्का मारायला 1936 मध्ये सुरुवात केली. आधी बहुतेक वस्तूंवर कागदी चिठ्ठी असे. म्हणजे "पणजोबांनी 1900 साली आणलेला" सेट आणि प्रत्येक ग्लासाखाली तोच गोल शिक्का, हे जुळत नाही. लालिक या फ्रेंच काचकाराच्या नावाआधी 'आर' असेल तर वस्तू साधारणपणे 1945 च्या आधीची धरतात, कारण रने लालिक त्या वर्षी वारले. अर्थात तो 'आर' मागाहून कोरणारेही आहेत. 'चेकोस्लोव्हाकिया' लिहिलेलं असेल तर वस्तू 1918 च्या आधीची असूच शकत नाही. तेव्हा तो देशच नव्हता. साच्यातच उमटलेली पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराची इंग्रजी खूण 1842 ते 1883 मधल्या डिझाइन-नोंदणीची, आणि 1884 पासून तिच्या जागी नुसता नोंदणी क्रमांक आला. झुंबर म्हटलं की ते बर्मिंगहॅमच्या ऑस्लर कंपनीचंच, ही आपल्याकडची आवडती थाप आहे. ऑस्लरचं कलकत्त्याला दुकान होतं हे खरं, पण म्हणून प्रत्येक लोलक त्यांचा होत नाही.

घरच्या मालाचंही तसंच. कऱ्हाडजवळच्या ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील सातारा-सांगलीत अजून पुष्कळ घरांत निघतो. त्याचा सांगाडा टिकतो, काच फुटते आणि बदलली जाते. तेव्हा नाव सांगाड्यावर दिसलं तरी काच वेगळी तपासा आणि दोन्हींची किंमत वेगवेगळी धरा.

मी स्वतः गाले या फ्रेंच काचकाराच्या नावाला फसलो. दोन थरांची फुलदाणी, पिवळसर काचेवर तपकिरी द्राक्षवेल, आणि वेलीखाली उठावाचं नाव. एमिल गाले 1904 मध्ये गेले, त्यानंतर काही काळ कारखाना नावाआधी चांदणी घालत असे, हे मला पाठ होतं. चांदणी नव्हती, म्हणून मी हरखलो. घरी आल्यावर नावाच्या उजवीकडे बोट फिरवलं. आजूबाजूची काच किंचित खरबरीत आणि तेवढाच नखाएवढा तुकडा गुळगुळीत, उजेडात जरासा खोलगट. रुमानियात गालेच्या धर्तीवर फुलदाण्या बनतात आणि त्यांच्यावर नावापुढे 'टिप', म्हणजे 'त्या प्रकारची', असं प्रामाणिकपणे लिहिलेलं असतं. वाटेत कोणीतरी ती तीन रोमन अक्षरं घासून काढली होती.

विक्रेत्याने परत घ्यायला नकार दिला. फुलदाणी आमच्या बैठकीत आहे, शेवंती तिच्यात छान दिसते. बायको पुसताना दर वेळी ती घासलेली बाजू पुढे करून ठेवते.