पहिलं संशोधन: भिडेपायी होणाऱ्या या चुका टाळा

"सर, प्रोजेक्ट भेटेल का?"

दरवर्षी कॉलेज सुरू झालं की बी.एस्सी.ची दोन-तीन पोरं स्टाफरूमच्या दारात येतात, एकमेकांना कोपराने ढोसतात आणि त्यातला एक जण हे वाक्य टाकून मोकळा होतो. मी विचारतो, "कशावर करायचाय?" उत्तर ठरलेलं: "तुम्ही द्याल त्यावर, सर." मी नागपुरात रसायनशास्त्र शिकवतो, हा संवाद मला आता पाठ आहे. "तुम्ही द्याल त्यावर" यात आदर असतो हे मला कळतं. पण आदरापेक्षा भीड जास्त असते.

भीड भिकेची बहीण, अशी म्हण आपल्याकडे उगाच नाही. पदवीला असताना संशोधनात उतरणाऱ्यांच्या ज्या चुका मी बघतो, आणि ज्या मी स्वतः केल्या, त्यांतल्या बहुतेक बुद्धी कमी पडल्यामुळे झालेल्या नाहीत. विचारायला लाजलो, समजलं नाही म्हणायला लाजलो, चुकलं म्हणायला तर फारच लाजलो, म्हणून झाल्या.

"चौथ्या वर्षी बघू"

नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची ऑनर्स विथ रिसर्च पदवी आली, तेव्हापासून ही चूक वाढली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या (यूजीसी) 2022 च्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये 75 टक्के किंवा जास्त असतील तर चौथ्या वर्षी संशोधनाची वाट घेता येते. पोरं म्हणतात, मग आत्तापासून कशाला? सातव्या सेमिस्टरला पहिल्यांदा ब्युरेट (द्रावण थेंब-थेंब सोडायची मापाची काचनळी) नीट धरायला शिकणार असाल तर वर्ष त्यातच जाईल, म्हणून. शिवाय तुमच्या कॉलेजात ते चौथं वर्ष आहे की नाही, हे ऑफिसात जाऊन आजच विचारा. तिसऱ्या वर्षाच्या निकालानंतर कळलं तर हात चोळत बसावं लागेल.

उन्हाळी फेलोशिपचंही तसंच. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून दोन महिन्यांची समर फेलोशिप देतात, तिचे अर्ज साधारण आदल्या वर्षाच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरातच संपतात. मे महिन्याच्या सुट्टीची आठवण फेब्रुवारीत झाली तर ते वर्ष गेलं. एमबीबीएस-बीडीएसवाल्यांसाठी आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) एसटीएस ही दोन महिन्यांची विद्यार्थी-संशोधन योजना आहे. त्यात एथिक्स कमिटीची मंजुरी लागते आणि कमिटीची बैठक तुमच्या सोयीने होत नसते.

पन्नास जणांना एकच मेल

नागपूरकरांचं एक नशीब आहे, ते आपल्यालाच दिसत नाही. अमरावती रोडने निघालात तर विद्यापीठाचा कॅम्पस, मृदा सर्वेक्षणाचा राष्ट्रीय ब्युरो, लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था आणि पुढे वाडीला ॲल्युमिनियमचं संशोधन केंद्र, सगळं एकाच रस्त्यावर. वर्धा रोडला कापूस संशोधन संस्था. 1958 पासून पाणी-हवेवर काम करणारी नीरी ही पर्यावरण संशोधन संस्था शहरातच. सेमिनरी हिल्सला भूवैज्ञानिक सर्वेक्षण. पुण्या-मुंबईच्या नावाने उसासे टाकणाऱ्या पोरांना मी हा रस्ता एकदा स्कूटीवरून फिरून यायला सांगतो.

पण मग होतं काय, की या सगळ्या संस्थांच्या वेबसाइटवरून पत्ते उचलून एकच मेल पन्नास शास्त्रज्ञांना जातो. "रिस्पेक्टेड सर/मॅडम, आय ॲम व्हेरी पॅशनेट अबाउट रिसर्च." एक उत्तर येत नाही. पोरगा म्हणतो, इथे ओळखीशिवाय काही होत नाही. ओळखीने कामं होतात, हे मी नाकारत नाही. पण असला मेल ओळख असूनही वाचवत नाही.

चालतो तो मेल सहा-सात ओळींचा असतो. मी कोण, कोणत्या वर्षाला. तुमचा अमुक पेपर वाचला, त्यातली दुसरी आकृती समजली, तिसरी समजली नाही. मला टायट्रेशन आणि एक्सेल येतं, बाकी येत नाही. आठवड्याला मंगळवार-शुक्रवार दुपारी येऊ शकतो, परीक्षेचे तीन आठवडे सोडून. सोबत मार्कशीट. "येत नाही" हे लिहायला पोरं फार घाबरतात, पण वाचणाऱ्याचा विश्वास नेमका तिथेच बसतो.

आठ-दहा दिवसांत उत्तर नाही आलं तर एक आठवण करा. तरी नाही तर पुढचं दार. आपल्याच कॉलेजातल्या सरांना मेल नको, सरळ भेटा. फक्त लेक्चर संपवून चहाच्या वाटेवर असलेल्या माणसाला गाठू नका. केंद्रीय संस्थेत जायचं असेल तर बहुधा कॉलेजचं पत्र लागतं, काही ठिकाणी प्रशिक्षणाचं शुल्कही असतं. स्टायपेंड मिळेल का, शुल्क किती, हे पहिल्याच भेटीत विचारा. पैशाचं विचारलं म्हणून कोणी परत पाठवत नाही.

विदर्भाएवढा विषय

"हवामान बदलाचा विदर्भाच्या शेतीवर परिणाम." असा विषय घेऊन येणाऱ्याला मी विचारतो, गाडीत पेट्रोल किती आहे? कारण प्रश्न तिथूनच लहान व्हायला लागतो. शेती म्हणजे कोणतं पीक? संत्रा. संत्र्याचा कोणता बहार? जानेवारी-फेब्रुवारीत फुलणारा आंबिया की पाऊस लागल्यावर येणारा मृग? मामाचं गाव काटोलकडे आहे ना, मग तिथल्या दहा बागांत मृग बहाराची फळगळ दर आठवड्याला मोजता येईल का? बरोबर एक थर्मामीटर? आता हे काम एका सेमिस्टरचं झालं. "विदर्भ" शीर्षकातून गेला म्हणून पोरगा खट्टू होतो, तो भाग वेगळा.

हे फक्त सायन्सवाल्यांचं नाही. कॉमर्सचा विद्यार्थी कळमन्याच्या बाजारातली एका हंगामाची रोजची आवक आणि भाव मांडू शकतो, आकडे पणन मंडळाच्या वेबसाइटवर असतात. इतिहासवाल्यांना पुराभिलेख खात्याची नागपूर शाखा आहे. तिथे जायची परवानगी कशी काढायची एवढं विचारायलाही बरेच जण जात नाहीत.

पेपर पहिल्या ओळीपासून वाचणं

आणि दुसऱ्या पानावर सोडून देणं. आधी सारांश, मग आकृत्या आणि तक्ते, मग शेवटची चर्चा, आणि पद्धतीचा भाग तेव्हाच जेव्हा तुम्हाला ते करून बघायचं असेल. पहिला पेपर समजायला मला आठवडा लागला होता. पेपर पैसे मागत असेल तर आधी लायब्ररीत विचारा: जानेवारी 2025 पासून वन नेशन वन सबस्क्रिप्शनमध्ये सरकारी उच्च शिक्षण संस्थांना सुमारे 13,000 जर्नल खुली झाली आहेत. तुमचं कॉलेज त्यात बसत नसेल तर लेखकाला मेल टाका, बहुतेक जण खुशीने पाठवतात. पीएच.डी.चे प्रबंध शोधगंगा या वेबसाइटवर फुकट आहेत.

चॅटजीपीटीकडून संदर्भांची यादी घेऊ नका. ते नसलेला पेपर खऱ्या वाटणाऱ्या नावाने देतं. परवा एका मुलीने अशी बारा संदर्भांची यादी आणली, डीओआय (प्रत्येक पेपरचा ऑनलाइन ओळख क्रमांक) तपासायला लावले, त्यातले पाच कुठेच नव्हते.

चुकलेलं रीडिंग लपवणं

याच्यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण हे माझं आहे.

तिसऱ्या वर्षाला मी फुटाळा तलावाच्या पाण्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजायला घेतला. मे महिना. तीन ठिकाणचे नमुने: नाल्याच्या तोंडाशी, काठावर, आणि थोडं आत. बिसलेरीच्या रिकाम्या बाटल्या, त्याही पाऊण भरलेल्या. गाडीच्या डिकीत टाकल्या, वाटेत मित्राकडे थांबलो, कॉलेजला पोचलो तेव्हा साडेबारा वाजले होते. विंकलरची पद्धत, म्हणजे हायपोने (सोडियम थायोसल्फेट) टायट्रेशन: रंग बदलेपर्यंत ब्युरेटमधून थेंब-थेंब सोडायचं आणि किती लागलं ते मोजायचं. स्टार्च टाकला की निळं, एका थेंबात रंगहीन. रीडिंग आली लिटरला 6.8, 6.7, 6.9 मिलिग्रॅम. कसली सुंदर जुळली होती!

सरांनी वही बघितली. "नाल्याच्या तोंडाशी आणि आत सारखंच?"

"हो सर."

बाटल्यांचं, डिकीचं, मित्राच्या घरचं, काही बोललो नाही. पुढचे तीन आठवडे मी तसेच नमुने आणत राहिलो. शेवटी लॅब असिस्टंट काकांनी बाटली हातात घेतली आणि म्हणाले, "अरे, हे पाणी तर चहाला ठेवल्यासारखं गरम आहे बे."

झालं असं होतं. 36 अंशांच्या आसपासच्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन जास्तीत जास्त विरघळतो तोच मुळी लिटरला 6.8 मिलिग्रॅमच्या जवळपास. अर्धवट भरलेल्या बाटलीतलं पाणी डिकीत तासभर घुसळलं गेलं, हवा मिसळली आणि तिन्ही बाटल्या त्याच आकड्याला येऊन टेकल्या. मी फुटाळ्याचा नाही, अमरावती रोडच्या खड्ड्यांचा ऑक्सिजन मोजला होता.

बरोबर रीत अशी: 300 मिलीची बीओडी बाटली (अशा तपासणीसाठीची काचेच्या बुचाची), पाण्याखाली बुडवून काठोकाठ भरायची, बुडबुडा राहू द्यायचा नाही. मँगनीज सल्फेट आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड तलावाच्या काठावरच घालायचं. तपकिरी गाळ बसला म्हणजे ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाही. आम्ल घालून गाळ विरघळवला आणि बाटली सावलीत ठेवली की मग टायट्रेशनला थोडा उशीर चालतो. आणि वेळ लिहायची. शेवाळ असलेल्या तलावात पहाटे ऑक्सिजन सगळ्यात कमी असतो, दुपारी उन्हात भरपूर. एक नमुना सकाळी सातचा आणि दुसरा दुपारी तीनचा घेऊन तुलना केली तर ती जागेची तुलना होत नाही, घड्याळाची होते.

तुमचा विषय पाणी नसेलही. पण रीडिंग विचित्र आलं, किंवा माझ्यासारखं संशयास्पद सुंदर आलं, तर क्रम तोच. पुन्हा एकदा मोजा. मग ज्याचं उत्तर माहीत आहे असं काहीतरी मोजा. माझ्या कामात ते म्हणजे हायपोची तीव्रता डायक्रोमेटने तपासणं, कारण हायपो ठेवून ठेवून उतरतो. मग नमुना नसलेला ब्लँक. एवढं करूनही विचित्रच येत असेल तर खोडू नका, सरांना दाखवा. कधी कधी तोच शोध असतो. बहुतेक वेळा डिकी असते, पण ते आधी कळत नाही.

यासाठी वही लागते. सुट्या कागदावर लिहून रात्री "फेअर" करायची सवय प्रॅक्टिकलच्या जर्नलने लावली आहे, ती संशोधनात मोडा. पेनाने लिहा, व्हाइटनर नको, चुकलं तर एक आडवी रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. तारीख, वेळ, तापमान, बाटलीचा नंबर, द्रावण कधी बनवलं. संध्याकाळी पानाचा फोटो. माझ्या त्या वहीत बाटली कसली हा एक शब्द असता तर सरांना पहिल्याच दिवशी कळलं असतं.

1,200 रुपयांत पब्लिकेशन

"48 तासांत छापून देऊ, सर्टिफिकेटसह" असा मेसेज तुमच्या ग्रुपवर येईलच. यूजीसीने मे 2018 मध्ये आपल्या यादीतून 4,305 जर्नल काढून टाकली होती. पुढे यूजीसीचीच केअर ही मान्य जर्नलांची यादी आली, तीही फेब्रुवारी 2025 मध्ये बंद झाली. म्हणजे आज कोणी "यूजीसी अप्रूव्ह्ड" म्हणत असेल तर त्याला काही अर्थ नाही. त्या जर्नलमधले दोन पेपर वाचा आणि तुमच्या सरांना विचारा, तुम्ही यात छापाल का? त्यांचा चेहरा बघा.

पहिल्या कामाला पेपर झालाच पाहिजे असंही नाही. 2006 पासून राज्यातल्या विद्यापीठांचा आविष्कार महोत्सव होतो, त्यात पदवीच्या विद्यार्थ्यांचा वेगळा गट असतो. पोस्टर लावायचं आणि परीक्षकाच्या उलटतपासणीला उभं राहायचं. छापील सर्टिफिकेटपेक्षा ती दहा मिनिटं जास्त शिकवतात. मजकूर मात्र स्वतःचा हवा: यूजीसीच्या 2018 च्या नियमांत दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, त्यापुढे आहे. शब्द बदलून दुसऱ्याचा परिच्छेद आणलात तर सॉफ्टवेअर कदाचित सोडेल, परीक्षक नाही.

नावाचं न विचारणं

सहा महिने नमुने आणले, आकडे भरले, आणि पेपरवर नाव नाही. किंवा आहे, पण ज्याने लॅबमध्ये पाऊल टाकलं नाही त्याच्यानंतर. असं घडतं. आणि विद्यार्थी गप्प बसतो, कारण त्याला पुढे शिफारसपत्र हवं असतं.

"सर, यातून काही छापलं गेलं तर माझं नाव कसं येईल?" एवढंच वाक्य आहे. फक्त नमुने आणून दिले तर आभारात नाव येणं योग्य. प्रश्न ठरवण्यात, मोजण्यात, आकड्यांचा अर्थ लावण्यात आणि लिहिण्यात तुमचा वाटा असेल तर लेखकांमध्ये. हे वाक्य मला आजवर तीन-चार विद्यार्थ्यांनी विचारलंय, मी कोणावर रागावलो नाही. एकदा थोडा ओशाळलो. बाहेरच्या संस्थेत काम करत असाल तर ते पहिल्या पंधरवड्यात विचारा आणि वहीच्या पानांचे फोटो रोजच्या रोज स्वतःकडे ठेवायची परवानगीही तेव्हाच घ्या. शेवटच्या दिवशी वही तिथेच जमा करावी लागते, आणि गेटवर पास परत दिला की आत जायला पुन्हा पत्र लागतं.