रसग्रहण लिहिताना विशेषणं बाजूला ठेवा

'लेखकाची भाषा ओघवती, प्रासादिक व चित्रमय आहे.' बारावीच्या मुलांचं हे लाडकं वाक्य. चूक काहीच नाही, पण कुठल्याही लेखकाला लावा, बसतंच. म्हणून मी त्याला गुण देत नाही.

माझ्या वर्गात मी एकच प्रश्न विचारायला लावते: इथे लेखकाला दुसरं काय करता आलं असतं? उत्तर शोधायला व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' ही कादंबरी (१९५५) घ्या. छोटी आहे, दोन बैठकांत संपते. पहिल्यांदा नुसती वाचा, गाईड उघडू नका. दुसऱ्यांदा हातात पेन्सिल असू द्या.

आधी निवेदक बघा. माणदेशातल्या धनगरांच्या वाडीची ही गोष्ट राजाराम मास्तर सांगतो. पोरसवदा, नवखा, बाहेरून आलेला. वाडीचा प्रमुख असलेल्या कारभाऱ्याला सांगायला लावली असती तर? त्याला मेंढरं, पाऊसपाणी, भांडणं यांचं नवल नाही. तो त्यांवर थांबलाच नसता. मास्तर थांबतो, कारण त्याला सगळं नवीन आहे, आणि त्याच्याबरोबर आपणही वाडीत हळूहळू रुळतो. निवेदन साध्या प्रमाण मराठीत आणि संवाद माणदेशी बोलीत, ही वाटणीही त्यातूनच येते. एखादा संवाद प्रमाण भाषेत लिहून बघा, माणूस लगेच फिका पडतो.

मग एकच प्रसंग निवडा. वाडीतल्या शेकूकडे एकच बैल उरलाय, दुसरा मिळत नाही, तेव्हा त्याची बायको बैलाच्या जोडीला स्वतःला जुंपून घेते. हा प्रसंग मुलांना मी स्वतःच्या शब्दांत लिहायला सांगते. हमखास 'हे विदारक दृश्य पाहून माझे काळीज पिळवटले' येतं. मग मूळ उतारा शेजारी ठेवायचा. माडगूळकर तिथे व्याख्यान झोडत नाहीत. काय घडलं ते सांगतात, हळहळायचं काम वाचकाकडे सोडतात. तुमच्या उताऱ्यातली जी वाक्यं मूळात नाहीत, त्यांच्याखाली रेघ मारा. लेखकाने काय टाळलं, त्याची यादी आयती तयार होते. (माडगूळकर चित्रंही काढत. मोजक्या रेषांत भागवायची ही सवय तिकडचीच असावी, असं मला उगाच वाटतं. परीक्षेत लिहू नका.)

रचनेसाठी प्रसंगांचा क्रम हलवून बघा. वाडी एकजुटीने तालीम बांधते, उद्घाटनाला संस्थानचा राजा येतो, आणि पुढे दुष्काळ पडून वाडी ओस पडते. दुष्काळ आधी आणला असता तर तीच कादंबरी 'मास्तरांनी गाव सुधारलं' छापाची होऊन बसली असती. कथानक सैल आहे, अशी तक्रार मुलं करतात. माणसं एकेक करून येतात-जातात हे खरंच, पण शेवटी ती सगळी एकदम निघून जातात तेव्हा त्या सैलपणाचं वजन कळतं.

आता मूल्यमापन. इथे 'मला आवडलं' आणि 'लेखकाला जमलं' ही दोन उत्तरं वेगळी ठेवा. प्रत्येक विधानापुढे पान क्रमांक टाका. पान सापडलं नाही तर विधान खोडा. उणीव दाखवायची असेल तर ती लेखकाच्या निवडीशी जोडून दाखवा. कारभाऱ्याची मुलगी अंजीच घ्या. ती आपल्याला दिसते ती मास्तरच्या नजरेतून, बाहेरूनच. तिच्या मनात काय चाललंय ते कळत नाही. एक पोर म्हणाली, 'मॅडम, मास्तरला तरी कुठे कळत होतं?' मुद्दा बिनतोड आहे. निवेदक मास्तर ठेवला की हा तोटा सोसावाच लागतो. उत्तरात दोन्ही बाजू मांडा, पण कुठली पटते तेही सांगा. मला विचाराल तर माडगूळकरांनी हा तोटा जाणूनबुजून पत्करलाय, आणि तरीही अंजीच्या तोंडी आणखी चार वाक्यं हवी होती.