घरात दुसरा राउटर जोडण्याआधी

इंटरनेट कंपनीने दिलेला राउटर खाली आणि वरच्या मजल्यावर रेंज मिळावी म्हणून स्वतः आणलेला दुसरा राउटर, अशी जोडणी ज्यांना करायची आहे त्यांनी केबलला हात लावण्यापूर्वी हे वाचावे. मागच्या खेपेस मी आधी केबल खोचली आणि मग चार दिवस कंपनीच्या तक्रार क्रमांकावर विनाकारण भांडत बसलो. लॅन केबल, लॅपटॉप आणि दोन्ही राउटरचे पासवर्ड जवळ ठेवावेत, हे सांगायला नको.

पहिले आणि सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे दुसऱ्या राउटरमधील डीएचसीपी बंद करणे. घरातल्या प्रत्येक उपकरणाला आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यातला त्याचा ओळखक्रमांक, वाटून देणारी ही सोय एका जाळ्यात एकाच ठिकाणी चालू असावी लागते. दोन ठिकाणी चालू राहिली तर दोघांच्या वह्या वेगळ्या राहतात, आणि एकाने टीव्हीला दिलेला पत्ता दुसरा खुशाल एखाद्या फोनला देऊन मोकळा होतो. माझ्याकडे तीन दिवस काहीच बिघडले नाही, कारण उपकरणे जुन्याच राउटरकडून मिळालेल्या पत्त्याची मुदत वाढवून घेत होती. लाईट जाऊन आली, सगळी उपकरणे एकदम जागी झाली, ज्याचे उत्तर आधी आले त्याचा पत्ता त्यांनी घेतला आणि निम्म्या घराचे इंटरनेट गेले. म्हणून पुन्हा सांगतो, आधी डीएचसीपी बंद, मग केबल.

हे करताना लॅपटॉप केबलने फक्त दुसऱ्या राउटरला जोडावा आणि लॅपटॉपचे वायफाय बंद ठेवावे. अनेक राउटरचा मूळ पत्ता १९२.१६८.१.१ हाच असतो, त्यामुळे ब्राउझरमध्ये भलत्याच राउटरचे पान उघडून मुख्य राउटरचाच डीएचसीपी बंद होण्याची शक्यता असते. त्याच बैठकीत दुसऱ्याचा पत्ता बदलून १९२.१६८.१.२ करावा आणि तो राउटरच्या पाठीवर लिहून ठेवावा, कारण पुढे त्याचे पान याच पत्त्यावर उघडेल. मुख्य राउटर शेवटचा आकडा १०० ते १९९ असलेले पत्तेच वाटेल अशी मर्यादा घालावी, म्हणजे २ ते ९९ हे पत्ते दुसरा राउटर, प्रिंटर आणि कॅमेऱ्यांचे चित्रण साठवणाऱ्या डीव्हीआरसाठी मोकळे राहतात. डीव्हीआर बसवणारे लोक त्यात कायमचा पत्ता टाकून निघून जातात. तो कोणता आहे, हे आधी पाहून घ्यावे.

आता मुख्य राउटरकडून आलेली केबल दुसऱ्याच्या लॅन पोर्टमध्ये (घरातली उपकरणे जोडण्याच्या खाचेत) लावावी, वॅनमध्ये (बाहेरून इंटरनेट घेण्याच्या खाचेत) नव्हे. वॅनमध्येच लावायची असेल तर तो स्वतंत्र जाळे तयार करतो. तेव्हा त्याचा पत्ता १९२.१६८.२.१ असा वेगळ्या गटातला ठेवावा आणि फक्त याच मांडणीत त्याचा डीएचसीपी चालू राहू द्यावा. मात्र मग खालच्या मजल्यावरून वरचा प्रिंटर सापडत नाही, म्हणून मी त्या वाटेला जात नाही.

एक धोका मला कोणी सांगितला नव्हता. रीसेटचे बटण दाबून धरले की सर्व मांडणी मूळपदावर जाते आणि डीएचसीपी पुन्हा चालू होतो. घरात कोणी ‘नेट चालत नाही’ म्हणून ते बटण दाबले असेल तर पहिल्यापासून सुरुवात करावी, आणि सुरुवात म्हणजे, पुन्हा एकदा, डीएचसीपी बंद.

तरीही गडबड झाली तर दुसऱ्या राउटरची केबल काढून पाहावे. तेवढ्याने सर्व सुरळीत झाले तर दोष तिथेच आहे. उपकरणाचा पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल तर त्याला पत्ता देणारे कोणी भेटलेलेच नाही. प्रिंटरचा पत्ता मुख्य राउटरमध्ये राखून ठेवावा. फोनचा राखायचा असल्यास त्यातील बदलता मॅक पत्ता (ज्यावरून राउटर उपकरण ओळखतो तो क्रमांक) बंद करावा. बाकी किरकोळ आहे.

शेवटी मेन स्विच बंद करून पुन्हा चालू करावा, पाच मिनिटे थांबावे आणि १९२.१६८.१.२ उघडून डीएचसीपी बंदच आहे ना, हे डोळ्यांनी पाहावे.