नोटेवर कुणाचा चेहरा? आधी नियम लिहा, मग नावं

आमच्या नाशिकरोडच्या गणेश मंडळात मी मुलांसाठी 'नोटेवर कोण?' ही स्पर्धा घेतो. तीस वर्षं कॅशियरच्या खिडकीत बसलेला माणूस, त्यात गावातच नोटांचा छापखाना. दुसरा विषय कुठला सुचणार? पहिल्या वर्षी सरळ विचारलं, "कोण हवं?" पाच मिनिटांत प्रत्येक गल्लीने आपापला महापुरुष पुढे केला. मुलं राहिली बाजूला, पालकच हमरीतुमरीवर आले. दुसऱ्या वर्षीपासून पद्धत बदलली.

आधी चेहरा नाही, क्षेत्र ठरवा. ही युक्ती बँक ऑफ इंग्लंडची. 50 पौंडांच्या नोटेसाठी 2018 साली त्यांनी लोकांकडून नावं मागवली, पण फक्त शास्त्रज्ञांची. 2,27,299 सूचना आल्या. निकषात बसणारी 989 नावं निघाली आणि त्यातून बारा पर्याय अंतिम यादीत गेले. आपले रामानुजनही त्यात होते. शेवटी बँकेच्या गव्हर्नरांनी संगणकशास्त्राचा पाया घालणाऱ्या ॲलन ट्युरिंग यांना निवडलं आणि 23 जून 2021 ला, ट्युरिंग यांच्या जन्मदिनी, नोट बाहेर आली. म्हणजे मतमोजणी नव्हतीच. लोकांनी नावं सुचवायची, निवडणाऱ्याने बोलणी खायची. हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, नाहीतर व्हॉट्सॲपवर प्रचार सुरू होतो. (आपल्याकडे तर नोटेचा नमुना रिझर्व्ह बँकेचं केंद्रीय मंडळ सुचवतं आणि मंजुरी केंद्र सरकार देतं.)

आम्ही क्षेत्र घेतलं वैद्यकीय.

नियम थोडेच ठेवा, पण नावं यायच्या आधी फळ्यावर लिहा. जिवंत माणूस नको. अमेरिकेत स्पेन्सर क्लार्क नावाच्या अधिकाऱ्याने पाच सेंटच्या नोटेवर चक्क स्वतःचा चेहरा छापला होता. 1866 साली तिथे कायदाच करावा लागला. माणूस खरा हवा, कादंबरीतला नको. आणि 'आपला' म्हणजे कोण, हेही ठरवा. एका मुलीने हाफकिन यांचं नाव दिलं. जन्म ओडेसाचा, पण प्लेगची लस त्यांनी 1897 साली मुंबईत तयार केली. इंग्लंडच्या त्या बारा पर्यायांत न्यूझीलंडमध्ये जन्मलेले अणुशास्त्रज्ञ रदरफर्ड होतेच की! हाफकिन आम्ही यादीत घेतले.

मग फोटो पाहा. इथे माझं डोकं कॅशियरचं आहे. चेहऱ्यातला बारीक फरकही माणसाला चटकन खटकतो, म्हणून तर नोटेवर चेहरा छापतात. फोटो काळा-पांढरा करा, दोन बोटं रुंदीचा छापा, हातभर अंतरावर धरा. ओळखू आला तर पुढे. दाढी, चष्मा, सुरकुत्या असल्या की कोरणाऱ्याला रेषा मिळतात. जपानच्या 5,000 येनच्या नोटेवर 2004 साली लेखिका हिगुची इचियो आल्या. त्या चोविसाव्या वर्षीच गेलेल्या. त्यांचा कोवळा चेहरा कोरताना कारागिरांचा घाम निघाला म्हणतात.

भांडणाची भीती वाटली तर युरोसारखं करावं असं कुणीतरी सुचवतोच. त्यांनी माणसं टाळून काल्पनिक पूल छापले. पुढे नेदरलँड्समधल्या स्पाइकेनिसे गावाने ते सातही पूल खरेखुरे बांधले! मला मात्र चेहरा हवाच.

शेवटी दोन-तीनच नावं उरतात आणि खरा वाद तिथे होतो. आमच्याकडे उरल्या आनंदीबाई जोशी आणि रखमाबाई. आनंदीबाई 1886 ला डॉक्टर झाल्या, पण पुढच्याच वर्षी, एकविसाव्या वर्षी गेल्या. रखमाबाईंनी सुरत, राजकोटला वर्षानुवर्षं रुग्ण तपासले. नोट पहिलेपणाला द्यायची की कामाला? प्रत्येकाकडून पाच ओळी लिहून घ्या, नुसतं बोलू देऊ नका. लिहायला बसलं की निम्मा आवेश उतरतो. मी कागद वाचले आणि रखमाबाईंचं नाव जाहीर केलं. दोन गल्ल्या अजून माझ्याशी बोलत नाहीत.