सेट ठेवायचा कशात: बिटसेट, हॅश की साधा व्हेक्टर?

सेट (एकही गोष्ट दोनदा नसलेला संच) लागला की हात आपोआप लायब्ररीतल्या तयार सेटकडे जातो, माझाही जायचा. पण सी प्लस प्लस मधला साधा सेट म्हणजे आत बहुतेक रेड-ब्लॅक ट्री (स्वतःचा तोल राखणारा सर्च ट्री) असतो, ६४ बिट मशीनवर ४ बाइटचा एक आकडा ठेवायला साधारण ४० बाइटचा नोड, ॲलोकेटरचा खर्च वेगळा. म्हणजे १० लाख आकड्यांना ४ कोटी बाइट, आणि तेच आकडे ० ते १० लाखातले असतील तर बिटसेटमधे (दर आकड्याला एक बिट, सेटमधे असेल तर १, नसेल तर ०) १,२५,००० बाइटात काम होतं.

म्हणून आधी बघा, आकडे पूर्णांक आहेत का आणि वरची मर्यादा माहितीये का. असेल तर बिटसेट. साइज कंपाइल करतानाच पक्की असेल तर लायब्ररीतला घ्या, नसेल तर ६४ बिटच्या वर्ड्सचा ॲरे स्वतःच लिहा, वीसेक ओळींचं काम आहे. युनियन म्हणजे ऑर, इंटरसेक्शन म्हणजे अँड, एका फटक्यात ६४ मेंबर. फक्त १ ला शिफ्ट करताना तो १ ६४ बिटचाच घ्या, साधा इंट घेतलात की ३१ च्या पुढे गंडतं. मेंबर फिरताना एकेक बिट तपासत बसू नका, वर्डमधला सगळ्यात खालचा लागलेला बिट शोधायचा आणि मग w &= w - 1 करायचं, तो बिट उडतो.

व्हेक्टर ऑफ बूल मला आवडत नाही. जागा वाचते, पण ऑटोने एलिमेंट घेतला तर बूल नाही, प्रॉक्सी (मूळ बिटकडे बोट दाखवणारा ऑब्जेक्ट) हातात येतो, आणि दोन थ्रेड वेगवेगळ्या इंडेक्सला लिहीत असले तरी रेस होऊ शकते (एकाचं लिहिणं दुसऱ्याकडून पुसलं जातं) कारण बिट एकाच वर्डमधे असतात.

आता माझी चूक. लूपमधे दर फेरीला मोठा बिटसेट रिकामा करत होतो, आत मेंबर जेमतेम दहा-बारा, सगळा वेळ शून्यं लिहिण्यातच. तिथे स्पार्स सेट हवा होता, ब्रिग्ज आणि टॉर्झन यांनी १९९३ मधे मांडलेला: दोन ॲरे, एकात मेंबर ओळीने, दुसऱ्यात प्रत्येकाची जागा. रिकामा करायचा म्हणजे साइज शून्य, संपलं. पण दर आयडीला ६४ बिट जातात (दोन्ही ॲरे ३२ बिटचे धरले तर), बिटसेटमधे एकच.

आयडी ३२ बिटचे आणि विखुरलेले असतील तर सरळ बिटसेट ५१२ एमबीचा होतो, तिथे रोअरिंग बिटमॅप घ्या. तो वरच्या १६ बिटवरून तुकडे पाडतो, तुकड्यात ४०९६ पर्यंत मेंबर असले तर सॉर्टेड ॲरे, त्यावर ८ केबीचा बिटमॅप. ४०९६ च का, तर २ बाइटचे ४०९६ आकडे म्हणजे बरोबर ८१९२ बाइट, तिथून पुढे ॲरे महाग.

स्ट्रिंग वगैरे असेल तर हॅश सेट (कीवरून एक आकडा, म्हणजे हॅश, काढून जागा ठरवणारा), साइज अंदाजे माहीत असेल तर जागा आधीच रिझर्व्ह करा. रस्टमधे डीफॉल्ट हॅशर मुद्दाम सुरक्षित ठेवलाय (कोणी एकाच जागी पडणाऱ्या कीज पाठवून सेट हळू करू नये म्हणून), म्हणून पूर्णांकांना हळू वाटतो, कीज बाहेरून येत नसतील तर बदला. आणि सेट एकदाच बनतोय, नंतर फक्त शोधायचंय, तर व्हेक्टर सॉर्ट करा, डुप्लिकेट काढा, बायनरी सर्च लावा. मेंबर आठ-दहाच असतील तर सॉर्टही नको, सरळ स्कॅन करा.